खरडची रात्र आणि खात्रीचा प्रश्न

१७ सप्टेंबर २०२२ ची शनिवारची रात्र उलटत असताना पंजाबातील खरड तालुक्यात, घडुआं गावानजीकच्या चंदीगड विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी-विद्यार्थिनींचा मोठा जमाव घोषणा देत उभा होता. वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने स्नानगृहात इतर मुलींच्या चित्रफिती काढून त्या बाहेर पाठवल्या, असा आरोप होता. आरोप गंभीर होता आणि त्याची चौकशी होणे आवश्यकच होते. पण पहाट होईपर्यंत त्याला दोन शेपट्या फुटल्या. साठेक मुलींच्या चित्रफिती इंटरनेटवर पसरल्या, ही पहिली; आणि बदनामीच्या भीतीने काही मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यांतल्या काही दगावल्या, ही दुसरी. एका मुलीला रुग्णवाहिकेकडे नेत असल्याचे दृश्य तेवढ्यात हजारो मोबाइलवर पोहोचले आणि दुसऱ्या गोष्टीला आपोआप पुरावा मिळाला.

रविवारी दुपारी चंदीगडला नोकरीनिमित्त असलेल्या एका मराठी अधिकाऱ्याचा प्रस्तुत लेखकाला दिल्लीत दूरध्वनी आला. त्यांची मुलगी खरड परिसरातल्याच एका वसतिगृहात राहत होती आणि फोन उचलत नव्हती. "तुम्ही बातमीदार आहात, नक्की काय झाले आहे?" असे त्यांनी विचारले. समोर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीत जो आकडा दिसत होता, तोच मी त्यांना सांगितला. साठ. काही वेळाने मुलीचा फोन लागला, ती सुखरूप होती. संध्याकाळी पोलिसांचे म्हणणे वाचल्यावर त्या गृहस्थांनी पुन्हा फोन केला. आवाज शांत होता, प्रश्न मात्र एकच होता: "साठ हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला होता?" त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो.

दोन भागांचे सत्य

खरडच्या त्या रात्रीबद्दल पुढे जे समोर आले ते थोडक्यात असे. मोहालीचे तत्कालीन वरिष्ठ पोलीस अधीक्षक विवेकशील सोनी यांनी कोणाचाही मृत्यू झालेला नाही, कोणी आत्महत्येचा प्रयत्न केलेला नाही, रुग्णवाहिकेतून नेलेली विद्यार्थिनी घाबरल्यामुळे अत्यवस्थ झाली होती, असे जाहीर केले. संबंधित विद्यार्थिनीने स्वतःची चित्रफीत आपल्या परिचित तरुणाला पाठवल्याचे प्रथमदर्शनी दिसते, इतर मुलींच्या चित्रफिती आढळलेल्या नाहीत, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्या विद्यार्थिनीला अटक झाली. हिमाचल प्रदेशातून दोन तरुणांना ताब्यात घेण्यात आले. पुसून टाकलेल्या आणखी काही चित्रफिती आहेत काय, हे तपासण्यासाठी फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेले. अतिरिक्त पोलीस महासंचालक गुरप्रीतकौर देव यांच्या देखरेखीखाली तीन महिला अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमण्यात आले. मुख्यमंत्री भगवंत मान यांनी चौकशीचे आदेश दिले. विद्यापीठाने २४ सप्टेंबरपर्यंत वर्ग बंद ठेवले आणि वसतिगृहाच्या दोन अधीक्षिकांना निलंबित केले. त्याच सुमारास, या विद्यार्थिनीला धमकावून चित्रफिती मागितल्याच्या आरोपावरून लष्करातील एका जवानाला अरुणाचल प्रदेशातून अटक झाली.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. पोलिसांचा संशय खरा मानायचा तर जिला साऱ्या देशाने एका रात्रीत गुन्हेगार ठरवले, तीच कोणाच्या तरी दहशतीखाली असू शकत होती. अफवेने आरोपीचा चेहरा देशभर नेला. धमकावणारा असेलच, तर तो त्या गोंगाटात दिसत नव्हता. त्याचा माग तपासातून लागला, गोंगाटातून नव्हे.

म्हणूनच खरडचे प्रकरण 'अफवा खोटी निघाली' या एका वाक्यात संपवता येत नाही. अफवेचे बीज खरे होते, तिचा विस्तार खोटा होता. काहीतरी आक्षेपार्ह घडले होते, पण साठ मुलींच्या बाबतीत नव्हे. मुलींची भीती खरी होती, मृत्यू मात्र झालेले नव्हते. इंटरनेटवरच्या बहुतेक टिकाऊ अफवांची घडण अशीच असते. पूर्ण खोटे लवकर मरते. अर्धे खरे दीर्घायुषी ठरते. तथ्यपडताळणीचे काम त्यामुळेच अवघड होते. 'खरे' किंवा 'खोटे' असा शिक्का मारून भागत नाही. कोणता भाग खरा, कोणता खोटा आणि कोणता अद्याप ठाऊक नाही, हे तीन कप्प्यांत मांडावे लागते. आणि तिसरा कप्पा मोकळेपणाने दाखवण्याचे धाडस ना सरकारी प्रवक्त्यांकडे असते, ना वृत्तवाहिन्यांकडे.

खुलाशावर विश्वास का बसला नाही?

पोलिसांचा खुलासा रविवारीच आला. प्रशासनाच्या मापाने तो झटपटच म्हणावा लागेल. तरीही निदर्शने रविवारी रात्री उशिरापर्यंत चालली. याचे कारण तरुणांच्या उतावीळपणात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. त्या मुलींच्या जागी उभे राहून पाहिले तर खुलासा करणारे तीनही पक्ष हितसंबंधी होते. खासगी विद्यापीठाला आपले नाव जपायचे होते. पोलिसांना रस्ता मोकळा करायचा होता. राज्य सरकारला प्रकरण चिघळू द्यायचे नव्हते. ज्यांना नाकारण्यात लाभ आहे त्यांनीच नाकारले, तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहणारच. शिवाय पोलिसांनी फोन तपासण्यापूर्वीच दुसरी चित्रफीत नाही असे सांगितले आणि त्यानंतर तो तपासणीसाठी पाठवला, हा क्रमही विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटला नाही.

त्यात राजकारणाने भर घातली. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी रविवारी ट्विटरवर लिहिताना, एका मुलीने अनेक विद्यार्थिनींच्या आक्षेपार्ह चित्रफिती काढून पसरवल्याचे घडलेली गोष्ट म्हणून मांडले आणि दोषींना कठोर शिक्षेची ग्वाही दिली. पंजाबात सरकार त्यांच्याच पक्षाचे. त्या सरकारचे पोलीस एक सांगत होते आणि पक्षाचे सर्वोच्च नेते दुसरेच. हिमाचल प्रदेश विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती, आम आदमी पक्ष तेथे आणि गुजरातेत नशीब आजमावत होता. आरोपी हिमाचलचे, घटना पंजाबातली. अशा वेळी कठोर दिसण्याची घाई प्रत्येक पक्षाला होते. विरोधकांनीही आकड्यांची शहानिशा करण्याऐवजी सरकारला धारेवर धरणे पसंत केले. अफवेला राजमान्यता मिळते ती अशी: कोणी मुद्दाम खोटे बोलतोच असे नाही, पण थांबून विचारण्यात कोणाचाच राजकीय लाभ नसतो.

आणखी एक गोंधळ नावाचा. चंदीगड विद्यापीठ चंदीगडमध्ये नाही. ते पंजाब राज्यातील मोहाली म्हणजे साहिबजादा अजितसिंग नगर जिल्ह्यात, खरडच्या पुढे लुधियाना महामार्गावर आहे. चंदीगड शहरात आहे ते पंजाब विद्यापीठ. एक केंद्रशासित प्रदेश, दुसरे राज्य. पोलीस वेगळे, जबाबदार गृहखाते वेगळे. देशभरातल्या पालकांनी त्या रविवारी नेमकी कोणाकडे चौकशी करायची, हेच अनेकांना उमगले नसणार. पडताळणीची पहिली पायरी ही इतकी साधी असते: घटना कोठे घडली आणि तेथे अधिकार कोणाचा?

सहा महिन्यांनी दुसरे औषध

याच मोहाली जिल्ह्याने सहा महिन्यांनी अफवेवरचे दुसरे सरकारी औषध अनुभवले. १८ मार्च २०२३ रोजी अमृतपालसिंगच्या शोधमोहिमेला सुरुवात होताच पंजाब सरकारने राज्यभर मोबाइल इंटरनेट बंद केले. अफवा पसरू नयेत व शांतता राहावी, हे कारण देण्यात आले. बंदी २१ मार्चपर्यंत राज्यभर होती आणि मोहालीच्या काही भागांसह ठिकठिकाणी त्यानंतरही लांबली. खरडच्या प्रकरणात सरकारने बोलून अफवेशी सामना केला होता, येथे सर्वांचेच बोलणे थांबवले.

या दोन औषधांची तुलना अधिकारीवर्गाने शांतपणे करण्यासारखी आहे. इंटरनेट बंद केल्याने खोटे संदेश थांबतात हे खरे. पण त्याच वेळी खुलासेही थांबतात. कानोकानी पसरणारी अफवा मात्र थांबत नाही, कारण तिला इंटरनेट लागतच नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीपासून मुंबईपर्यंत काही तासांत पोहोचली, ती दूरध्वनीवरून. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण आणि केशाकर्षणाचा साधा प्रयोग लोकांसमोर करून दाखवला, तेव्हा तिचा जोर ओसरला. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातील तरुणांवर हल्ले होणार, या संदेशांनी बंगळूर, पुणे आणि इतर शहरांतून हजारो लोक गाड्या भरून गावी निघाले. तेव्हा केंद्राने एका दिवसात पाचपेक्षा अधिक लघुसंदेश पाठवण्यावर पंधरवड्यापुरती मर्यादा घातली. अफवा वाहनाच्या वेगाने धावते म्हणून प्रत्येक पिढीतले सरकार वाहनाला लगाम घालते. प्रवासी का घाबरला आहे, हे विचारायचे राहून जाते.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत चंदीगड-मोहाली पट्ट्याने ही भीती पुन्हा पाहिली. भोंगे वाजत होते, रात्री दिवे मालवले जात होते. एटीएम काही दिवस बंद राहणार, असा संदेश फिरला आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाने तो खोटा असल्याचे सांगितले. खुलासा वेळेत आला, नेमका होता, बँकेच्या दारात जाऊन कोणालाही तपासता येण्यासारखा होता. म्हणून तो उपयोगी पडला. त्याच रात्री काही वृत्तवाहिन्यांनी मात्र कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या दिल्या. त्या खऱ्या ठरल्या नाहीत. अफवा केवळ अशिक्षितांच्या मोबाइलवरून येते, हा सुशिक्षितांचा लाडका समज त्या रात्री तरी गळून पडायला हवा होता.

राईनपाड्याची किंमत

खरडमध्ये कोणाचा जीव गेला नाही. महाराष्ट्र इतका सुदैवी नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केले. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून पोटासाठी भटकत आलेली ती माणसे होती. गावात परकी, बोलीने वेगळी, वेशाने ओळखू येणारी. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले.

त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीची पडताळणी झाली, तेव्हा ती भारतातली नव्हतीच. दुचाकीवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसत होते. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. पडताळणी करणाऱ्यांनी केले ते काम किचकट असले तरी गूढ नव्हते: चित्रफितीतले एक दृश्य गोठवून त्याचा इंटरनेटवर शोध, मूळ ध्वनिफितीसह पूर्ण जाहिरात मिळवणे, दोन्ही शेजारी ठेवणे. फेब्रुवारी २०१७ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेले ऑल्ट न्यूज, मुंबईचे बूम यांसारख्या संस्थांनी हा धंदा भारतात रुजवला. मराठीतूनही आता हे काम नियमित होते. अडचण एवढीच, की पडताळणी शहरातल्या संकेतस्थळावर राहिली आणि कापलेली चित्रफीत पाड्यावर पोहोचली.

राईनपाड्यानंतर यंत्रणा हलली. व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा आणली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, भडकाऊ संदेशांवर लक्ष ठेवावे, जमावहत्येचे खटले जलदगती न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, असे निर्देश दिले. राईनपाड्याच्या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे साडेपाच वर्षांनी. भारतीय न्याय संहितेत जमावहत्येसाठी स्वतंत्र तरतूद आली ती १ जुलै २०२४ पासून, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. तारखेचा हा योगायोग संसदेत कोणी नोंदवल्याचे स्मरत नाही.

राज्यसभेच्या नामनियुक्त बाकांवर मात्र एक वेगळा योगायोग दिसतो. चंदीगड विद्यापीठाचे कुलपती सतनामसिंग संधू जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रपतींकडून नामनियुक्त झाले, राईनपाडा खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून नेमलेले उज्ज्वल निकम जुलै २०२५ मध्ये. अफवेने काय होते, हे दोन वेगवेगळ्या दारांतून पाहिलेले दोघे एकाच सभागृहात आले. या विषयावर एखादी सविस्तर चर्चा त्यांनी घडवून आणली, तर ती आकडेवारीच्या पलीकडे जाणारी ठरेल.

सत्याचा पंच कोण?

पण चर्चा झालीच, तर ती लगेच एका कळीच्या मुद्द्यावर येऊन अडेल. खोटे कोणते, हे ठरवायचे कोणी? केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून याचे उत्तर दिले होते. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर 'बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा' आहे काय, हे सरकारनेच नेमलेला तथ्यपडताळणी विभाग ठरवेल. तसा शेरा पडल्यावर समाजमाध्यमांनी तो मजकूर ठेवला तर त्यांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येईल. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आदींनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मतभेद झाले. २० मार्च रोजी केंद्राने विभाग अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. तिसरे न्यायमूर्ती या नात्याने न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. समानता, अभिव्यक्ती आणि व्यवसाय या स्वातंत्र्यांना ती छेद देते आणि तिच्यातील शब्द अतिव्यापक आहेत, असा त्या निकालाचा गाभा होता.

या निकालाने पत्र सूचना कार्यालयाचा खुलासा करण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सरकारला आपली बाजू सांगता येते आणि सांगितलीही पाहिजे. वादीनेच न्यायाधीश व्हावे, एवढे मात्र न्यायालयाने नाकारले. महाराष्ट्राला हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते मत पसंत केल्याबद्दल दोन मुलींना अटक झाली होती. त्यात खोटे काहीच नव्हते, फक्त अप्रिय होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, त्यामागे या घटनेची आठवण होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान व दळणवळणविषयक संसदीय स्थायी समितीने, निशिकांत दुबे यांच्या अध्यक्षतेखाली, खोट्या बातम्यांवरचा अहवाल स्वीकारला. प्रत्येक माध्यमसंस्थेत तथ्यपडताळणीची व्यवस्था आणि अंतर्गत लोकपाल असावा, दंडात्मक तरतुदी कडक कराव्यात, असा त्याचा रोख आहे. पहिल्या दोन शिफारशींना विरोध करण्याचे कारण दिसत नाही. त्या रविवारी माझ्या समोरच्या पडद्यावर 'साठ' हा आकडा सरकत होता, तेव्हा 'हे कोणी सांगितले' असे विचारणारा एखादा माणूस वृत्तकक्षात असता, तर तो आकडा माझ्या तोंडून त्या पित्यापर्यंत गेला नसता. तिसऱ्या शिफारशीबाबत मात्र पालघर विसरता येत नाही. दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीने अमेरिकेतील स्वतंत्र तथ्यपडताळणीचा कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा केली. म्हणजे सरकार पंच होऊ पाहते आणि कंपन्या मैदान सोडू पाहतात. मधली जागा रिकामी राहते.

अफवेचे पावतीपुस्तक

या रिकाम्या जागेत आता लुटारूंनी दुकान थाटले आहे. अफवा माणसाची भीती वापरते. ठकसेन त्याच भीतीची पावती फाडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना 'डिजिटल अटके'त ठेवून सात कोटी रुपयांना फसवण्यात आले. केंद्रीय अन्वेषण विभागाचे बनावट अधिकारी झाले, बनावट आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाची चक्क बनावट ऑनलाइन सुनावणी झाली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांची तोतयेगिरी त्यात करण्यात आली होती. पोलिसांना सव्वापाच कोटी परत मिळवता आले. पद्मभूषण मिळालेला उद्योगपती फसतो, तेथे निवृत्तिवेतनावरच्या माणसाला हसण्यात अर्थ नाही.

हरयाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याने अशाच रीतीने एक कोटीहून अधिक रक्कम गमावली आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांना पत्र लिहिले. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. जुलै २०२५ मध्ये गृहखात्याने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. एका वर्षात तिपटीने वाढणारा हा एकमेव उद्योग असावा.

उत्तरेत स्थायिक झालेल्या वा बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांना याचा धोका अधिक आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक असोत, लष्करातून निवृत्त होऊन इकडेच राहिलेले असोत की केंद्रीय सेवेतले अधिकारी असोत, आपला पोलीस ठाण्याशी, तलाठ्याशी, शेजाऱ्याशी असलेला जुना धागा गावी राहिलेला असतो. परक्या मुलखात सरकारी आवाजातला दूरध्वनी आला की दाराबाहेर जाऊन विचारायला हक्काचे माणूस नसते. ठकसेन नेमके हेच सांगतो: कोणाशी बोलू नका. राईनपाड्याच्या भिक्षेकऱ्यांना परकेपणाने मारले. येथे परकेपणाने लुटले जाते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्यात. भारतीय कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट नाही. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओवरून अटक करत नाही आणि 'पडताळणीसाठी' पैसे एखाद्या खात्यात भरायला सांगत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती गोठवता येते. आणि फोन ठेवून घरातल्या एका तरी माणसाला हकीकत सांगावी. ही सर्वांत स्वस्त तथ्यपडताळणी आहे.

खुलाशाबरोबर पुरावा

अधिकारीवर्गासाठी खरडचा धडा निराळा आहे. 'ही केवळ अफवा आहे, विश्वास ठेवू नये' हे सरकारदरबारचे ठरीव वाक्य आता निकामी झाले आहे. खुलाशाबरोबर पुरावा लागतो; काय माहीत आहे तेवढेच काय माहीत नाही, हेही सांगावे लागते. खरडला पहिल्याच दिवशी 'मृत्यू नाही, हे नक्की. फोन तपासायचा आहे, निष्कर्ष तोपर्यंत राखून ठेवतो' असे दोन तुकडे वेगळे केले असते, आणि ते विद्यापीठाच्या प्रवक्त्याऐवजी वसतिगृहातल्याच विद्यार्थिनींच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन सांगितले असते, तर दुसरी रात्र कदाचित रस्त्यावर गेली नसती. विशेष पथकात महिला अधिकारी नेमण्याचा निर्णय योग्य होता, तो अधिक लवकर हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेला जिल्हा समन्वय अधिकारी केवळ जमावाचे संदेश टिपण्यासाठी नाही, तर अशा क्षणी बोलण्यासाठीही असायला हवा. आणि तो जिल्ह्याच्या भाषेत बोलायला हवा.

मराठी माणसाला 'खरड' हे नाव ऐकले की लिहिलेला कच्चा खरडा आठवतो. पंजाबीत त्याचा तसा काही संबंध नाही. पण त्या रात्री देशभर जे फिरले, तो खरडाच होता. कोणी तपासलेला नाही, कोणाची सही नाही, तरीही अंतिम आदेशासारखा अमलात आलेला. मंत्रालयात सहीशिवायचा कागद पुढे सरकत नाही. आपल्या मोबाइलवरून मात्र रोज सरकतो.

त्या अधिकाऱ्यांची मुलगी पुढे तेथेच शिकली. ज्या मुलीचे नाव आणि छायाचित्र त्या दोन दिवसांत देशभर फिरले, तिला ते परत कसे मिळवून द्यायचे, याची कोणत्याही कायद्यात, नियमात वा अहवालात तरतूद नाही. अफवा मागे घेता येते, असे आपण मानतो. चेहरा मागे घेता येत नाही. आता कोणाचा असा दूरध्वनी आला की मी आकडा सांगण्यापूर्वी तो कोणी दिला, हे आधी पाहतो. आणि ठाऊक नसेल तर तसे सांगतो. बातमीदाराला हे वाक्य उच्चारताना थोडे कमीपणाचे वाटते. खरडनंतर ते वाटेनासे झाले.